गुरं निजवणारा गवई

टेक्ससच्या लेम स्ट्राउडला देवाने दोन गोष्टी सढळ हाताने दिल्या होत्या: कान आणि गळा. कान मोठे, गळा गोड. रँचवर गुरं राखताना तो संथ सुरात गायचा. गाणं थांबलं की गुरं बुजतात आणि बुजलेली गुरं उधळली की माणसाचं भरीत होतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

अमारिल्लोच्या रेडिओवाल्यांनी त्याला पिठाच्या जाहिरातीबरोबर गायला बोलावलं, तर खुर्चीवर बसून सूरच लागेना! शेवटी स्टुडिओत लाकडी घोडीवर खोगीर चढवलं. लेमने टांग मारली आणि अख्खा जिल्हा न्याहारी विसरून रेडिओला चिकटला.

मग हॉलिवूडचं बोलावणं आलं. एक दृश्य करून दाखवायचं; जमलं तर करार, नाहीतर परतीची बस. बायकोने, ओलिटाने, लेम सिनेमात झळकणार अशी आधीच गावभर दवंडी पिटली होती. थिएटरवाल्याने पाटीवर नावसुद्धा रंगवून टाकलं होतं.

"हात हलवत आलास तर मागच्या दाराने ये," ओलिटाने बजावलं. "पुढच्या दारात गाव बँड घेऊन उभं असणार!"

दृश्य सोपं होतं. गोळ्या सुटणार, गुरं उधळणार, लेम घोडा फेकत शेजारून गाणार. गोळ्या सुटल्या. धरणी हादरली! आणि लेमच्या तोंडून नेहमीचं ते संथ गाणं निघालं. बघता बघता गुरं चालीवर आली, दोन बैल तर फतकल मारून रवंथ करू लागले.

"अरे, हा पाठलाग आहे की अंगाई?" दिग्दर्शक क्रान्झ गरजला.

"माफ करा साहेब. गुरं भेदरलेली दिसली की तोंड आपलं आपणच चालू होतं."

"मग बंद ठेव! गाणं नंतर घालू. ओठ हलले तर थेट बस पकड!"

लेमने ओठ घट्ट मिटले. पुन्हा गोळ्या सुटल्या. या खेपेला गुरं उधळली ती खरीखुरी, आणि वळली थेट कॅमेऱ्याच्या ट्रककडे. ट्रकवर क्रान्झ! शेजारून लेम दौडत होता. कान लालबुंद, तोंड मात्र कुलूपबंद. करार हवा होता ना!

"गा!" क्रान्झ किंचाळला. "गा रे बाबा, गा!"

लेमने मिटल्या ओठांवर बोट ठेवून भुवया उंचावल्या.

"बस गेली खड्ड्यात! करार तुझा! पण गा!"

लेमने सूर लावला. कळप ट्रकच्या दोन्ही बाजूंनी ओसरला, मंदावला, थांबला. म्होरक्या बैलाने क्रान्झची हॅट हुंगली. कॅमेरा चालूच होता!

तेच दृश्य पुढे लेमच्या प्रत्येक सिनेमात आलं. टीव्ही आल्यावर तो त्यातही गायला. आया दुवा देत, कार्टी दिवेलागणीलाच घोरू लागतात म्हणून!

पण खरी बहार करार खिशात घालून तो गावी आला तेव्हाची. ओलिटाने पुढचं दार सताड उघडलं. बँडने एकदम असा दणका दिला, की बाजारासाठी कोंडलेली गुरं कुंपण मोडून मिरवणुकीत घुसली. ढोल एकीकडे, ढोलवाला दुसरीकडे!

"माझ्याकडे काय बघतोस?" खांबावर चढलेली ओलिटा ओरडली. "करार मिळाला ना? मग गा की मेल्या!"