सालीतले पिवळे तांदूळ

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण नातवंडांनी केस सांगा म्हटलं की मी झाडाच्या सालीची सांगतो. पोरं आधी तोंड वाकडं करतात, मग शेवटपर्यंत ऐकतात. काल घडल्यासारखी ती केस अजून माझ्या डोळ्यांपुढं उभी राहते.

तेव्हा मी बारामतीला निरीक्षक होतो. एके सकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर एक प्राध्यापक तक्रार अर्ज घेऊन उभे. त्यांच्या प्रयोगशाळेत एक मुलगी औषधी वनस्पतींवर संशोधन करत होती. सुप्याकडचे एक आबा जखमेवर एका झाडाची साल उगाळून लावायचे. तिनं त्या सालीचा अर्क काढला आणि जखमेत पू करणाऱ्या जंतूंवर तपासला. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मधोमध अर्क घालायचा. औषधात दम असेल तर भोवतीचे जंतू मरून स्वच्छ कडं उमटतं. तिच्या बशीत ते उमटलं होतं. सालीचा दुसरा साठा आला आणि काहीच उमटेना. प्राध्यापकांचं म्हणणं, एकतर म्हाताऱ्यानं भलतीच साल देऊन फसवणूक केली, नाहीतर मुलीनं पहिले निकाल मनानं रचले. दुसरं खरं ठरलं तर मुलीची पीएच.डी.ची नोंदणी रद्द होणार होती.

झाडाचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर महिन्याभरात टेकडी बोडकी होईल.

मुलीला बोलावलं. इंदापूर तालुक्यातल्या पेरूच्या बागाईतदाराची लेक. डोळे सुजलेले, पण बोलणं सरळ.

"सर, मी खोटं लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "आणि आबाही खोटं देणार नाहीत."

आबांवर ढकललं असतं तर पोरगी तिथल्या तिथं सुटली असती. तिनं ढकललं नाही, आणि तिथंच माझा तिच्यावर विश्वास बसला. दोन्ही टोकांची माणसं खरी असतील तर खोटं मधल्या वाटेवर सापडतं, हा माझा अनुभव. मधल्या वाटेवर होता कॉलेजच्या जीपचा ड्रायव्हर. पहिली साल मुलीनं स्वतः आबांबरोबर टेकडीवर जाऊन आणली होती. दुसऱ्या वेळी ती कामासाठी पुण्यात होती, म्हणून ड्रायव्हरला पाठवलं. त्यानं गोणीतून आणली ती कुटलेली साल. कुटल्यावर सगळ्या साली सारख्याच, त्यामुळं तिलाही शंका आली नाही.

हवालदाराला घेऊन मी सुप्याला गेलो. वर्दी बघून म्हातारा घाबरेल असं वाटलं होतं. कसलं काय! आधी पाणी दिलं, मग खाटेवर बसवलं. कर नाही त्याला डर कशाला. ड्रायव्हर आला होता, हे आबांनी लगेच सांगितलं. पण त्यांच्या घरची एक रीत होती. आदल्या सांजेला झाडाच्या बुडाशी हळद लावलेले तांदूळ ठेवून त्याला आवतण द्यायचं, सकाळी उगवतीच्या बाजूची तळहाताएवढीच साल काढायची आणि उरलेले तांदूळ त्याच गाठोड्यात बांधायचे. म्हणून त्यांनी ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. तो गेला तो गेलाच. आबांनी मात्र सकाळी रीतीप्रमाणं साल काढून बांधून ठेवली.

"गाठोडं आढ्याला तसंच हाय, सायब," आबा वर बोट दाखवत म्हणाले. "त्या पोरीच्या नावानं आवतण दिल्यालं. दुसऱ्या कुणाला द्याचं न्हाय."

प्राध्यापकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, तक्रार झाल्यावरही गाठोडं बांधता येतं. राग आला, पण मुद्दा बरोबर होता.

मग खबर लागली ती हवालदाराच्या मेहुण्याकडून. तो निमगाव केतकीच्या आठवडे बाजारात कांदे विकतो. कॉलेजची जीप त्यानं त्याच आठवड्यात जडीबुटीवाल्याजवळ उभी पाहिली होती. बारामतीहून सुपे एका अंगाला आणि निमगाव केतकी दुसऱ्या अंगाला. वाट चुकायचीही काही हद्द असते!

ड्रायव्हरला समोर बसवलं. निमगावला आपण भाजीला गेलो होतो, साल आबांनीच हातानं दिली, असं तो शपथेवर सांगत राहिला. माझा आवाज चढला, हे कबूल करतो. पण आवाज चढवल्यानं खोटं आणखी घट्ट होतं, हेही मला ठाऊक होतं. मी चहा मागवला आणि मुलीला विचारलं, पहिल्या सालीतलं काही शिल्लक आहे का. ती म्हणाली, प्रत्येक साठ्यातला नमुना आम्ही सील करून तारीख घालून ठेवतो. मी खूश झालो. आमच्या मुद्देमालाच्या खोलीत इतकी शिस्त असती तर काय हवं होतं!

पंचांसमक्ष दोन्ही नमुने वर्तमानपत्रावर ओतले. पहिल्यातून सालीबरोबर चार पिवळे तांदूळ घरंगळले. दुसरा नमुना आणि उरलेली अख्खी गोणी चाळणीनं चाळली. तांदूळ सोडा, कणीसुद्धा नाही.

"आबांनी दिली म्हणतोस," मी ड्रायव्हरला विचारलं, "मग त्यांचं आवतण कुठं गेलं?"

त्यानं त्या चार दाण्यांना बोट लावून पाहिलं. मग म्हणाला, "एका झाडाच्या आवतणापायी परत हेलपाटा कोण घालणार, सायब? बाजारातली घेतली, गिरणीत कुटली."

आबांचं गाठोडं पंचनामा करून सील केलं आणि प्रयोगशाळेत पोचवलं. चार दिवसांनी मी मुद्दाम गेलो. बशीत अर्काभोवती पाण्यासारखं स्वच्छ कडं होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला! प्राध्यापकांनी सगळ्यांदेखत मुलीची माफी मागितली आणि अर्ज मागं घेतला. त्या दिवशी मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा पदक घेतानाही वाटला नव्हता.

या केसनं मला एक शिकवलं. ज्या रीतीला आपण अडाणीपणा म्हणून हसतो, ती कुणाचातरी काटेकोरपणा असते. आबांचे तांदूळ आणि मुलीचं सील, दोन्ही मला एकाच जातीचे पुरावे वाटतात.

पुढं तिचा प्रबंध मंजूर झाला. एक प्रत घेऊन ती ठाण्यात आली आणि आम्ही दोघं सुप्याला गेलो. आबांना वाचता येत नव्हतं. साल कशी गोळा केली ते पान मी मोठ्यानं वाचलं: "आदल्या सायंकाळी झाडाला हळदीच्या अक्षता वाहून आमंत्रण दिले. सकाळी साल काढली."

आबांनी पुन्हा वाचायला लावलं. मग पानावर हात ठेवून म्हणाले, "हे बी लिवलं व्हय? मग पोरीनं समदं खरं लिवलंय."