फेलिमोन तुपासच्या नावावर

सान लुकास गावच्या चौकातल्या बास्केटबॉलच्या मैदानावर कापणीच्या दिवसांत भात वाळत घालत. अर्ध्यावर भात, अर्ध्यावर पोरं, आणि चेंडू भातात गेला की पोरांना शिव्या. क्रिसान्तो ओलागेर तिथेच वाढला. सकाळी आईबरोबर दाताळ्याने भात खालवर करायचा आणि दुपारी उरलेल्या अर्ध्यावर खेळायचं. अंगाने काटकुळा, उंचीने बेताचा. पण चेंडू भातात जाऊ द्यायचा नाही, या धाकापायी त्याचा हात असा बसला होता की चेंडू तळव्याला चिकटल्यासारखा राही. बाप मासेमारीच्या मोठ्या बोटीवर, महिनोन्‌महिने बाहेर. आई, निम्फा, बाजारात सुकी मासळी विकायची.

दहावीत असूनही शाळेच्या संघात त्याला जागा नव्हती. त्याची जागा फेलिमोन तुपासची होती. फेलिमोन गावच्या पंचाचा मुलगा, उंचापुरा, आणि खेळायलाही बरा. विभागीय स्पर्धेला दोन आठवडे उरले असताना फेलिमोन मोटरसायकलवरून पडला आणि घोटा मोडून बसला. खेळाडूंची यादी तर कधीच रवाना झाली होती.

शाळेचा संघ सांभाळणाऱ्या एस्कानलार सरांनी क्रिसान्तोला वर्गाबाहेर बोलावलं.

"कपडे भर. स्पर्धेला रोहासला यायचंय."

"पण सर, यादीत फेलिमोन आहे."

"मग चार दिवस तू फेलिमोन. कुणी हाक मारली की वळून बघायचं, एवढंच काम."

"आणि कुणी ओळखलं तर?"

"तुला? तुला गल्लीबाहेर ओळखतं कोण?"

घरी निम्फा मासे निवडत होती. तिने ऐकून घेतलं आणि नेहमीच्या लाडाच्या हाकेने विचारलं, "नाव काय उसनं मिळतं का रे, तोतो?"

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे, नानाय," तो आईला म्हणाला.

तिने शाळेचा शर्ट तेवढा धुऊन दिला.

पहिल्या सामन्यात रेफरीने 'तुपास' म्हणून हाक मारली तेव्हा तो ढिम्म उभा राहिला. शेजारच्याने चिमटा काढला तेव्हा वळला. दुसऱ्या सामन्यापासून सवय झाली. अंतिम सामन्यात त्याने एकतीस गुण केले. स्थानिक रेडिओवरचा माणूस घसा फोडून ओरडत होता, "तुपास! पुन्हा तुपास!" सान लुकासच्या बाजारात प्रत्येक दुकानात तोच आवाज होता. बायका जाऊन फेलिमोनच्या आईला मिठ्या मारत होत्या; तो मोडका घोटा घेऊन आतल्या खोलीत पडलाय, हे घरच्यांनी बाहेर कळू दिलं नव्हतं.

"निम्फा, तुझाही पोरगा गेलाय ना गं त्यांच्याबरोबर?" शेजारच्या भाजीवालीने विचारलं. "पाणीबिणी द्यायला?"

"हो, गेलाय," निम्फा म्हणाली आणि मासळीवरच्या माश्या हाकत राहिली.

संघ परत आला तेव्हा चौकात मोठा फलक लागला होता. त्यावर अभिनंदन आणि फेलिमोनचा हसरा फोटो. खरं काय ते संघाला ठाऊक होतं आणि हळूहळू अर्ध्या गावालाही कळलं, पण पदक गावात आलं होतं, मग बोलायचं कुणी? फेलिमोन कुबड्या घेऊन फलकाखाली उभा राहिला आणि क्रिसान्तोला म्हणाला, "बघ लेका, मी अंथरुणात पडून एकतीस गुण केले." दोघेही हसले. क्रिसान्तोचं हसणं जरा लवकर संपलं.

तीन आठवड्यांनी इलोइलो शहरातल्या एका कॉलेजचे प्रशिक्षक गावात उतरले. त्यांचं नाव बेर्मेहो. खानावळीत त्यांनी तुपासचं घर विचारलं. पंचाने त्यांना हाताला धरून घरी नेलं, कोंबडी कापली, ताटावर बसवलं. "पायाला जरासं लागलंय," पंच पुन्हा पुन्हा सांगत होता, "महिन्याभरात बघा, घोड्यासारखा पळेल." बेर्मेहो फेलिमोनच्या हातांकडे, खांद्यांकडे बघत राहिले. रोहासला त्यांनी जो बघितला होता तो याच्या कानापर्यंत तरी पोचला असता का?

फेलिमोनने भात संपवला, हात धुतले.

"सर, तुम्हाला हवाय तो मैदानावर दाताळं ओढतोय," तो म्हणाला.

पंचाचा हात भाताच्या पातेल्यावरच थांबला.

बेर्मेहो मैदानावर आले तेव्हा क्रिसान्तो डोक्याला फडकं बांधून भात ओढत होता. अनोळखी माणूस सरळ आपल्याकडेच येताना बघून तो दाताळं टेकवून उभा राहिला.

"नाव काय तुझं?"

"कोणतं सांगू, सर?"

बेर्मेहो हसले नाहीत. त्यांनी त्याला चेंडू आणायला लावला आणि उन्हात अर्धा तास खेळवलं. मग दोघे कठड्यावर बसले.

"खेळ तुझा होता, नाव तुझं नव्हतं," बेर्मेहो म्हणाले. "मी तुला आज नेलं तर उद्या कुणीतरी उठून बोट दाखवेल. आधी स्पर्धेच्या समितीला लिहून दे."

"सगळं?"

"सगळं. सरांचंसुद्धा नाव. त्यानंतर माझ्याकडे ये. जागेचं वचन देत नाही."

दोन दिवस क्रिसान्तोला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तो एस्कानलार सरांच्या घरी गेला. सर वह्या तपासत होते. ऐकताना त्यांनी लाल पेन खाली ठेवलं नाही. एक वही संपवली, दुसरी उघडली.

"लिही," शेवटी ते म्हणाले. "माझं आडनाव तेवढं नीट लिही. सगळे चुकवतात."

पत्र गेलं. महिन्याभरात पदक परत करावं लागलं, शाळेला वर्षभर स्पर्धेची बंदी आली, आणि एस्कानलार सरांची बदली बोटीने दोन तास लांबच्या एका बेटावर झाली. फलक उतरला. ज्या पोरांबरोबर क्रिसान्तो रोहासला गेला होता ती त्याला बघून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागली. "आला बघ, पदक खाऊन ढेकर दिलेला," असं कुणीतरी मागून म्हणे. निम्फाकडची नेहमीची दोन-तीन गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात जायला लागली. फेलिमोन मात्र येत राहिला. बापाने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, त्यामुळे त्याला तसंही जायला दुसरी जागा नव्हती.

कॉलेजात क्रिसान्तोला राखीव संघात घेतलं, पण पहिलं वर्ष त्याला एकही सामना खेळता आला नाही. दुसऱ्याच्या नावाने खेळल्याची शिक्षा तीच होती. तो रोज सरावाला यायचा आणि मुख्य संघातल्या वरच्या वर्गातल्या गार्डला, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूला, अडवायचा. हे काम त्याने इतकं मन लावून केलं की एकदा तो गार्ड चेंडू आपटून ओरडला, "अरे, मला श्वास तरी घेऊ देशील का? तू काय माझी सावली आहेस?" बेर्मेहोंनी ते ऐकलं. दुसऱ्या वर्षी क्रिसान्तोला थोडीथोडकी मिनिटं मिळू लागली. तिसऱ्या वर्षी तो सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचांत आला.

त्याच वर्षी उपांत्य सामन्यात शेवटचे सहा सेकंद उरले असताना चेंडू त्याच्या हातात होता. स्वतः न मारता त्याने कोपऱ्यातल्या मोकळ्या साथीदाराला पास दिला. साथीदाराने मारलेला चेंडू रिंगवर आदळून बाहेर गेला आणि एका गुणाने ते हरले. कपडे बदलताना साथीदार म्हणाला, "तू मारायला हवा होतास." क्रिसान्तो म्हणाला, "तू मोकळा होतास." पुढच्या वर्षी तो कर्णधार झाला आणि अंतिम सामना त्यांनी जिंकला. त्याचे स्वतःचे गुण नऊच होते, पण अकरा बास्केट त्याच्या पासवर झाल्या. एका प्रांतिक व्यावसायिक संघाने त्याला सरावासाठी बोलावलं आणि ठेवून घेतलं.

तिकडे रुजू होण्याआधी तो बोटीने त्या बेटावर गेला. शाळेमागे माडाच्या खोडाला रिंग ठोकलेली होती. एस्कानलार सर तिथे मुलींना पास शिकवत होते. केस पांढरे झाले होते. क्रिसान्तोला बघून त्यांनी शिट्टी तोंडातून काढली.

"जेवलास का?"

"नाही, सर."

"मग नंतर जेव. माझ्याकडे नऊच मुली आहेत, दहावं कुणी मिळत नाही. तिकडच्या चौघींत उभा राहा. आणि जरा हळू खेळ."

तो चपला काढून त्या चौघींत उभा राहिला. मुलींपैकी एकीने त्याच्या हातून दोनदा चेंडू काढून घेतला, आणि सर मोठ्याने हसले. पत्राचा विषय त्यांनी काढला नाही. क्रिसान्तोने एकदा तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात शिट्टी वाजली. मग सरांच्या घरी दोघांनी भात आणि सुकी मासळी खाल्ली. चारच्या बोटीने तो परत निघाला. सोमवारी संघाच्या सरावाला हजर व्हायचं होतं.