गिरणीवाल्यांच्या ओटीवर

गोळ्या तिनं वरून टाकल्या. ओटीवरून खाली अंगणात. पुडी पडताना सुटली. रक्तवाढीच्या लाल गोळ्या मातीत पांगल्या. मला सातवा महिना होता, वाकता येईना. गुडघे टेकून एकेक वेचली.

"वर येऊ नकोस," नर्सबाई म्हणाली. "तिथंच थांब."

भातगिरणीच्या मालकाचं घर ते. आमचं गाव पोशीर नदीच्या अलीकडं. सरकारी नर्सबाई महिन्यातून एकदा यायची आणि थेट गिरणीवाल्यांच्या ओटीवर बसायची. आम्ही बौद्धवाड्यातल्या बाया खाली उन्हात उभ्या.

वर चटईवर मालकाची सून निजली होती. तीही पोटुशी. बाईनं तिच्या पोटावर दोन्ही हात ठेवले. हळूहळू दाबून बघितलं. नळी लावली, कान टेकवला, हसली.

"डोकं खाली आहे. ठोके छान आहेत गं."

मी जळले. तिच्या पातळावर नाही, पाटल्यांवर नाही. पोटावरच्या त्या हातांवर.

माझं पहिलं मूल आडवं होतं. कुणी बघितलंच नव्हतं, तर कळणार कसं? कळा देऊन देऊन मी अर्धी मेले. मुलगी झाली, ती मेलेलीच.

म्हणून खालूनच विनवलं, "बाई, माजं पयलं आडवं व्हतं. एकदा हात लावून बघा."

"तुमच्या बायका शेतात बाळंत होतात. तुला काय होतंय?"

ओटीवर सगळे हसले. सूनही हसली.

महिनाभर मी त्यांच्याच शेतात वाल उपटत होते. घराच्या दारात सून दिसायची, पोटावर हात फिरवत. तिचं मूल जगणार हे ठरलेलं. माझ्या मनात यायचं, तिचंही आडवं होऊ दे. यायचंच. हे विष माझ्या मनात कुणी घातलं?

पुढच्या खेपेला बाई आली. मी अंगणात थांबले नाही. पायऱ्या चढले आणि चटईवर आडवी झाले.

"अगं ए! ओटी बाटवलीस की!" मालकीण ओरडली.

"बाटू दे. पोट बघितल्याबिगर मी उठायची नाय."

"गोळ्या देते, खाली हो," बाई म्हणाली.

"गोळ्या नको. सरकारनं तुमाला माज्यासाठी पण धाडलंय. हात लावा."

बाईनं आधी बोटांची टोकं लावली. मग तिचा चेहरा बदलला. मग सगळा पंजा. खूप वेळ दाबत राहिली.

"आडवंच आहे," ती हळूच म्हणाली. "कळा लागायच्या आधी मोठ्या दवाखान्यात जायला हवं. घरी राहिलीस तर दोघंही जाल."

मोठ्या दवाखान्यात पोट फाडून मुलगा काढला. जिवंत.

इकडं गिरणीवाल्यांनी ओटी गोमूत्रानं धुतली. माझ्या नवऱ्याचं त्यांच्या गिरणीतलं काम गेलं. मी पोराला घेऊन आले तेव्हा सासू म्हणाली, "नशीब गं तुजं."

"नशीब नाय, आत्या. पयलीला पण नशिबानं नाय मारली."

हेवा अजून गेलेला नाही. जाऊही नये. गेला तर मी पुन्हा अंगणात जाऊन उभी राहीन.

बाईला मी निरोप धाडलाय. यापुढं बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात बसायचं. बसली नाही, तर आमच्या वाड्यातली एकूणएक पोटुशी बाई घेऊन मी त्या ओटीवर चढणार. किती वेळा धुतील?