एसी बंद ठेवून किंग काउंटीला

लग्नाच्या वाढदिवसाला कुठे जायचं, असं मी विचारलं तेव्हा मंदार म्हणाला, "किंग काउंटी." मी नकाशा उघडून पाहिला. समुद्र नाही, डोंगर नाही, माणसंही जवळजवळ नाहीत. "म्हणूनच," तो म्हणाला.

समजावून सांगते. माझा नवरा दिवसा डॅलसजवळ फ्रिस्कोत सॉफ्टवेअर टेस्ट करतो आणि उरलेल्या वेळात हॅम रेडिओवर अनोळखी लोकांशी बोलतो. सप्टेंबरातल्या एका वीकेंडला टेक्ससच्या काउंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांची, स्पर्धा असते. देशभरातले हॅम, म्हणजे हे हौशी रेडिओवाले, इथल्या जास्तीत जास्त काउंट्यांशी बोलायला बघतात. डॅलसभोवती हॅम ढिगाने आहेत. पण ओसाड काउंटीत कोणी रेडिओ घेऊन उभं राहिलं की सगळा देश त्याच्यावर तुटून पडतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये ज्याचं कोणी ऐकत नाही, त्याला हे किती गोड वाटत असेल, ते मला समजत होतं. मी ड्रायव्हर म्हणून निघाले.

शनिवारी सकाळी ३८० हायवे पकडला. डिकेटर मागे पडलं की ट्रॅफिक संपतं. तुम्ही जाणार असाल तर ग्रॅहमला टाकी फुल करा, पुढे पंप विरळ आहेत. आणि डबा न्या. आमच्याकडे धपाटे आणि लसणाची चटणी होती. रेडिओपेक्षा तिचा वास जास्त लांब पोचत होता.

एक गोष्ट मला घरी सांगितली नव्हती. रेडिओ चालू असताना इंजिन बंद ठेवायचं, नाहीतर खरखर येते. इंजिन बंद म्हणजे एसी बंद. मी नागपूरची आहे, उन्हाचं मला कौतुक सांगू नका. तरी दुपारपर्यंत माझा पारा बाहेरच्या पाऱ्याच्या पुढे गेला होता.

थ्रॉकमॉर्टन आणि हॅस्केल काउंट्यांच्या सीमेवर मंदारने मला गाडी बरोबर पाटीखाली लावायला लावली. पुढची चाकं एका काउंटीत, मागची दुसरीत. एका दमात दोन्ही मोजल्या जातात म्हणे. तेवढ्यात शेरिफच्या ऑफिसची गाडी मागे येऊन थांबली.

"गाडी बिघडली का, मॅडम?" टोपीवाल्या अधिकाऱ्याने विचारलं.

"गाडी ठीक आहे. नवरा स्पर्धेत आहे."

त्याने आत वाकून जरा वेळ ऐकलं. "जिंकल्यावर काय मिळतं?"

"सर्टिफिकेट."

त्याने मान हलवली आणि हॅस्केलमध्ये पीकन पाय नावाचा गोड पदार्थ कुठे चांगला मिळतो ते सांगून गेला. पाय खरंच चांगला होता.

रेडिओवरचं बोलणं अगदी त्रोटक असतं. तू कोण, मी कोण, कुठली काउंटी, आणि 'फाइव्ह-नाइन'. म्हणजे तुमचा आवाज खणखणीत येतोय. गंमत अशी की काही ऐकू येत नसलं तरी स्पर्धेत सगळे फाइव्ह-नाइनच देतात. पाहुण्यांनी 'स्वयंपाक छान झालाय' म्हणावं, तसं.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर एक म्हातारा आवाज आला. मेन राज्यातला वॉल्ट. दिवसभर तो आम्हाला प्रत्येक काउंटीत गाठत होता. त्याने जरा संकोचत विचारलं, "तुम्ही किंगला जाणार का? टेक्ससमधली माझी तेवढी एकच राहिलीय. पुढच्या महिन्यात मुलगी मला तिच्याकडे नेतेय. तिथे अँटेना लावू देत नाहीत."

मंदार म्हणाला, "उद्या दुपारी. प्रॉमिस."

हॅस्केलच्या मोटेलमध्ये झोप छान लागली. खोली नव्वद डॉलरच्या आत, चादरी स्वच्छ. चहा मात्र आपला न्या.

रविवारी घोळ झाला. ॲस्परमाँटच्या अलीकडे रेडिओवर लोकांनी मंदारला असं घेरलं की त्याला कोणाला नाही म्हणवेना. "अजून दोघंच यार, मग निघू," असं त्याने इतक्यांदा म्हटलं की शेवटी मी सरळ किल्ली फिरवली. रेडिओ खरखरला, तो ओरडला, मी गाडी काढली. ८३ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला, दोन्ही बाजूंना मेस्किटची झुडपं आणि लाल माती. किंग काउंटीची पाटी दिसली तेव्हा स्पर्धा संपायला जेमतेम पाव तास उरला होता.

मंदारने माइक उचलला, 'किंग' म्हणाला आणि रेडिओतून नुसता कालवा उठला. शंभर माणसं एकदम. त्यात वॉल्ट कुठला ऐकू यायला? मंदार ओरडून ओरडून वॉल्टला बोलावत होता, पण दोन दिवस बोलून त्याचा घसा बसला होता आणि त्याचा घोगरा आवाज त्या कालव्यात विरून जात होता.

"तू बोल," तो कसाबसा म्हणाला. "रेडिओचं लायसन्स असलेला मी शेजारी आहे, चालतं. बायकांचा आवाज गोंगाटात वर येतो."

"हे तुला आज कळलं?"

मी माइक घेतला. घरी सगळ्यांना जेवायला हाक मारते त्या आवाजात म्हणाले, "सगळे थांबा, प्लीज. मला फक्त मेनचा वॉल्ट हवाय. त्याची ही शेवटची काउंटी आहे."

आणि रेडिओ गप्प झाला. शंभर हावरट माणसं, ज्यांना एकेक मिनिट मोलाचं होतं, ती सगळी थांबली. मग त्या शांततेतून, अगदी तळातून, वॉल्टचा आवाज आला. मी किंग काउंटी सांगितली आणि फाइव्ह-नाइन दिलं.

"खरं सांगू का, मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही मला थ्री-थ्री येताय. जेमतेम. पण शब्दन् शब्द कळला." मग म्हणाला, "आता अँटेना खुशाल उतरवू दे तिला."

मी माइक मंदारकडे दिला. त्याने त्या घोगऱ्या आवाजात वॉल्टचे आभार मानले, आणि गर्दी पुन्हा कोसळली.

घरी येऊन आठवडा झाला. स्पर्धेत आमचा नंबर बराच खाली लागणार, हे मंदारला माहीत आहे. सीटला चटणीचा वास आहे, आणि लायसन्सच्या परीक्षेचं पुस्तक आता माझ्या उशाशी असतं. काल त्याच नादात आमटीत मीठ घालायला विसरले.

"कशी झालीय?" मी विचारलं. इतक्या वर्षांत याचं उत्तर कधी बदललं नव्हतं.

मंदारने एक घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "थ्री-थ्री." मग वाटी पुढे केली. "अजून वाढ."