आकडा बरोबर होता

महाडला छातीच्या डॉक्टरांकडे पेशंटना औषधं समजावून सांगायचं काम मी करते. दर गुरुवारी आमचा दवाखाना पोलादपूरला भरतो, तिथेही मीच असते. दम्याच्या माणसाला पंप कसा ओढायचा हे शिकवायला दहा मिनिटं पुरतात. बरं वाटायला लागल्यावरही तो रोज ओढायला लावणं, हे खरं काम.

त्यासाठी माझी एक पद्धत होती. रोजच्या नारिंगी पंपाच्या पाठीवर आकडा असतो. एकशेवीसपासून सुरू होतो आणि प्रत्येक दाबाला एकाने उतरतो. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. पंधरा दिवसांनी साठ दिसायला हवेत. ऐंशी दिसले की मी सगळ्यांसमोर झापायचे. साठ दिसले की शाबासकी. माणसं थापा मारतात, आकडा मारत नाही, असं मी कामावरच्या नव्या मुलींना सांगायचे.

आंबेनळी घाटाकडच्या एका वाडीतून एक सासू-सून यायच्या. सून पस्तिशीची, नवरा मुंबईला कामाला. दुसऱ्या खेपेला तिचा आकडा एकशेदहावर होता.

"देव्हाऱ्यात ठेवायला दिला होता का?" मी म्हटलं.

सून खाली बघून हसली. सासू म्हणाली, "ती इसरते, बाय. आता माज्याकडं राहू दे."

त्यानंतर आकडा कधी चुकला नाही. मी बाकड्यावरच्या बाकीच्यांना त्या मावशींचं उदाहरण द्यायला लागले. त्या तोंडाला पदर लावून बसायच्या.

सुनेची धाप मात्र कमी होईना. डॉक्टरांनी मला विचारलं, "औषध नियमित आहे?"

"आकडा बरोबर आहे," मी म्हटलं.

त्यांनी जास्त ताकदीचा पंप लिहून दिला. त्याचाही आकडा बरोबर येत गेला.

भातझोडणीच्या दिवसांत खळ्यावर तिला जोराची धाप लागली. अडीअडचणीचा निळा पंप तिने घेतला, पण या वेळी त्याने उतार पडला नाही. गाडी वाडीवर येऊन पोलादपूरला उतरेपर्यंत ती गेली होती.

तेराव्यानंतरच्या गुरुवारी सासू एकटीच आली. पिशवीतून नारिंगी पंप काढून टेबलावर ठेवला. मी सवयीने तो उलटा केला. ती गेली त्या दिवसापर्यंतचा आकडा बरोबर होता.

"रोज घेत होती ना, मावशी?"

"नाय." मग म्हणाल्या, "मीच दाबायची. सकाळ-सांज, अंगणात. हवेत."

"का?"

"तिच्या सासऱ्याला पंप लागला नि दोन म्हयन्यांत माणूस गेला. मी बघितलंय, बाय. मग तिला रोजचा कसा लावू? लयच धाप लागली तर निळा द्यायची."

"मला सांगायचं होतं."

"तुमी वरडायच्या. साठ बघितलं की हसायच्या."

"तिला माहीत होतं?"

"तिला? ती आतून वरडायची, आई, दोनच दाबा हां, तिसरा दाबलात तर बाई पकडंल."

बोलता बोलता त्यांना हसू आलं आणि ते तिथेच थांबलं.

पंपाने माणूस जात नाही, बहुतेकांना तो लागतोच उशिरा, हे मी रोज दहा वेळा सांगते. त्या दिवशी नाही सांगितलं. आता ते कुणासाठी सांगायचं होतं? पाणी दिलं. त्यांनी अर्धा पेला पिऊन एसटीची वेळ विचारली.

"कोणाला तरी द्या तो," उठताना त्या पंपाकडे बघून म्हणाल्या. "आत औषद हाय अजून."

वापरलेला पंप दुसऱ्याला देत नाहीत. मी "बरं" म्हटलं आणि तो खणात टाकला.

पुढचे पेशंट आत आले. दीड वर्षापासून येणारे, एकही खेप न चुकवणारे एक शेतकरी काका. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी पंप पुढे केला, आकडा माझ्याकडे वळवून. साठ.

"आकडा राहू द्या, काका," मी म्हटलं. "माझ्यासमोर घेऊन दाखवा."

त्यांनी पंप तोंडाजवळ नेला आणि माझ्याकडे बघत राहिले.