जरीपटक्याचा टी-शर्ट

आमच्या शाळेच्या नोटिशीत ‘सक्ती’ हा शब्द कधीच नसतो. ‘एकसारखेपणाच्या दृष्टीने पालकांनी खेळाचा गणवेश अमुक दुकानातूनच घ्यावा, ही विनंती,’ असं लिहिलेलं असतं. ही विनंती न ऐकणाऱ्याचं पोर बुधवारी आणि शनिवारी मैदानाच्या कडेला बसून राहतं. शाळेनं ठरावीक दुकानाचा आग्रह धरू नये असा सरकारी नियम आहे म्हणतात. असेल. आमच्या फाटकाच्या आत मी तरी तो पाहिलेला नाही.

मी याच शाळेत मराठी शिकवते आणि माझी मुलगी इथेच सातवीत आहे. शिक्षकांच्या मुलांना फी अर्धी. ही सवलत मिळाली तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. पुढे त्या अर्ध्या फीसाठी सुट्टीच्या दिवशी येऊन स्नेहसंमेलनाचे पडदे लावले, दुसऱ्यांच्या वर्गांचे पेपर तपासले आणि मीटिंगमध्ये न पटलेल्या कितीतरी गोष्टींना मान डोलावली. न डोलावून सांगते कोणाला? सवलत दर वर्षी नव्यानं मंजूर व्हावी लागते आणि अर्जावर सही प्रिन्सिपल मॅडमची असते.

यंदा शाळा सुरू झाली आणि नोटीस आली की जुना पांढरा गणवेश बंद. आता मरून टी-शर्ट, छातीवर शाळेचं चिन्ह, बाजूला पट्टे असलेली ट्रॅक पँट, असे दोन जोड. दुकान प्रताप नगरातच, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर, म्हणजे सोय तर बघा. भाव ऐकून मी काउंटरवरच्या माणसाला विचारलं, “एवढ्यात पळायला शिकवणारे सर पण देता का?” तो हसला नाही. त्याला हसायची गरजही नव्हती.

खरी गंमत अशी की माझी मुलगी पळतच नाही. खेळाच्या तासाला तिच्या पोटात दुखतं. ती झाडाखाली बसून पुस्तक वाचते आणि तास संपला की पोट बरं होतं. न पळणाऱ्या पोरीसाठी पळण्याचे कपडे घ्यायचे, तेही दुप्पट भावानं, म्हणून मी चार दिवस घरात आदळआपट केली. यांनी मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, “घेऊन टाक ना एकदाचं.” एकदाचं! महिनाअखेरीला ज्यांना भाजीच्या पिशवीत हात घालावा लागत नाही, त्यांना हा शब्द बरा सुचतो.

शेवटी स्टाफरूममधल्या एका मैत्रिणीनं दार लोटून घेत मला सांगितलं की शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्याच्या बाजारात, अगदी तसाच मिळतो, चिन्हासकट, आणि निम्म्या भावात. रविवारी दुपारी मुलीला मागे बसवून मी गाडी काढली. सगळं शहर ओलांडून जाताना मला उगाच वाटत होतं की प्रत्येक सिग्नलला कोणीतरी ओळखीचं उभं आहे.

दुकानदारानं शाळेचं नाव विचारलं. मी ते इतक्या हळू सांगितलं की त्यानं दोनदा विचारलं. मग आतून गठ्ठा आणला. “फरक बता दो मैडम, तो फ्री में ले जाओ,” म्हणाला. मला फरक सापडला नाही. मी कापड ताणून शिवण बघत होते तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, “गुड आफ्टरनून, टीचर!”

माझ्याच वर्गातली मुलगी होती. मी सातवी ‘ब’ची वर्गशिक्षिका, माझी लेक ‘अ’मध्ये. ही पोरगी काटकुळी, दोन घट्ट वेण्या घालणारी. अभ्यासात मधली, पण खो-खोत अशी वाकून निसटते की पाठलाग करणारी रिकाम्या हवेला हात लावते. शिक्षण हक्काच्या राखीव जागांतून तिला आमच्याकडे प्रवेश मिळालेला. फी लागत नाही, पण बाकी सगळं घरच्यांनाच बघावं लागतं. सोबत तिची आई होती. ती एका हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटते, हे मला प्रवेशाच्या फॉर्मवरून ठाऊक होतं. तिच्या हातात तसाच मरून टी-शर्ट होता.

“मॅडम, मी तं हा वापस ठेवून राहिली होती,” ती म्हणाली. “शाळेत चालन का नाही, काय माहीत. खो-खोच्या टीममधे घेतलं न हिले. कपड्यापायी काढून टाकलं तं? म्हटलं, कसंही करून शाळेच्या दुकानातूनच घ्यावं.” मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. “पण तुम्हीच घेऊन राहिल्या म्हणजे चालतेच ना?”

मला एवढंच म्हणायचं होतं की ताई, मलाही माहीत नाही, मीही चोरूनच आले आहे. पण समोर माझी विद्यार्थिनी उभी होती, शेजारी माझी लेक होती, आणि चोरी पकडली गेल्यावर माणूस जसा जास्तच बिनधास्त बोलतो तशी मी बोलले.

“चालते ना! कोण पाहते?”

“पाह्य, टीचरनं पण घेतला,” ती मुलीला म्हणाली आणि पिशवीतून पैशांची छोटी थैली काढली. परतताना माझी लेक मागून म्हणाली, “आई, तू तिला कसं काय सांगितलंस? तुला तरी माहीत आहे का?” मी म्हटलं, “हेल्मेट नीट घाल.”

त्यानंतर महिनाभर खरंच कोणी पाहिलं नाही. पाण्यात रंग थोडा जास्त जायचा, एवढाच त्रास. मी तो टी-शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. त्या पोरीची निवड आंतरशालेय सामन्यासाठी झाली. सामना शनिवारी होता. मधल्या सुट्टीत ती मला शोधत आली आणि हे सांगून पळाली.

त्याच आठवड्यात मंगळवारी शाळा सुटल्यावर मीटिंग लागली. दुकानदारानं तक्रार केली होती की मुलं जेवढी आहेत तेवढे गणवेश विकले गेलेले नाहीत. प्रिन्सिपल मॅडमनी एक टी-शर्ट टेबलावर ठेवून कॉलर उलटली. आत बोटाच्या पेराएवढी पांढरी पट्टी शिवलेली, तिच्यावर दुकानाचं नाव. हे आमच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं. उद्या पहिल्या तासाला प्रत्येक वर्गशिक्षकानं आपापल्या वर्गाच्या कॉलरी तपासायच्या, पट्टी नसेल त्याचा रोल नंबर लिहायचा, पालकांना बोलवायचं. खरा गणवेश आणून दाखवेपर्यंत ते मूल मैदानावर उतरणार नाही, टीममध्येही नाही. “आणि स्टाफच्या मुलांमध्ये असं काही सापडलं, तर मला फार वाईट वाटेल,” असं म्हणून त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. मला ती माझ्यावरच थांबल्यासारखी वाटली. बहुधा सगळ्यांनाच तसं वाटलं असेल.

मी तिथून थेट प्रताप नगरातल्या दुकानात गेले. अंगावर शाळेचीच साडी होती. एक टी-शर्ट घेतला, पट्टी आहे का ते तिथेच कॉलर उलटून पाहिलं, आणि घरी आले.

आता जे सांगायचं आहे ते मला सांगावंसं वाटत नाही. पालकांच्या यादीत त्या खो-खोवाल्या पोरीच्या आईचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. मी मेसेज लिहिला, “ताई, उद्या टी-शर्टची तपासणी आहे.” पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. मागच्या वर्षी एका शिक्षिकेनं पालकांना असंच काहीतरी कळवलं होतं आणि त्याचा स्क्रीनशॉट फिरत फिरत ऑफिसात पोचला होता. ती आता आमच्याकडे नाही. फोन केला असता तर पुरावा उरला नसता. हे तेव्हा सुचलंच नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. सुचलं होतं. फोन हातात घेऊन मी बाल्कनीत गेलेही होते. मग वाटलं, ती बाई ऑफिसात बोलून गेली की मॅडमनी फोन केला होता, तर? वाटलं, इतक्या संध्याकाळी ती पैसे तरी कुठून आणणार? कारणं भराभर सापडत गेली. मग आत येऊन मी कुकर लावला.

बुधवारी माझ्या वर्गात मी एकेका मुलाच्या मानेपाशी वाकत गेले. ज्यांना कुणकुण लागली होती ती मुलं मान खाली घालून उभी होती, एकजण तर रडायच्या बेतात होता. ही पोरगी मात्र तिसऱ्या बाकावर निवांत. तिची पाळी येताच ती स्वतःहून वळली, दोन्ही वेण्या हातानं बाजूला धरल्या आणि खांद्यावरून माझ्याकडे बघून हसली. तिला भीती वाटायचं कारणच काय होतं? कॉलरच्या आत काही नव्हतं, नुसती दोऱ्याची दोन टोकं होती. मी म्हटलं, “बस,” आणि वहीत नंबर लिहिला.

तिनं पेन चालताना पाहिलं. “टीचर?” एवढंच म्हणाली. मी पुढच्या मुलाकडे गेले. पलीकडे ‘अ’ वर्गात माझी लेक नव्या टी-शर्टात पास झाली आणि खेळाच्या तासाला झाडाखाली जाऊन बसली.

गुरुवारी सकाळी त्या बाईला ऑफिसात बोलावलं. वर्गशिक्षिका म्हणून मला हजर राहावं लागलं. सुपरवायझर सरांनी तो टी-शर्ट तिच्यासमोर ठेवला आणि विचारलं, “हा कुठून घेतला? आणि कोणी सांगितलं तुम्हाला तिथून घ्यायला?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या काचेखाली ठेवलेलं वेळापत्रक वाचू लागले. माझी नोकरी, मुलीची फी, पुढची पाच वर्षं, सगळं त्या बाईच्या एका शब्दावर आलं होतं.

“कोणी नाही जी,” ती म्हणाली. “माह्यंच चुकलं.”

मला लाज वाटली, असं लिहायला मला आवडलं असतं. पहिल्यांदा वाटलं ते हायसं. लाज व्हरांड्यात आल्यावर वाटली, आणि मग ती इतकी चढली की मी स्टाफरूममध्ये जाऊन माझी पर्स घेतली आणि फाटकाकडे जवळजवळ पळत सुटले. पर्समध्ये लेकीचा नवा टी-शर्ट होता. सकाळीच काही न ठरवता आत कोंबला होता. दोघी एकाच मापाच्या आहेत.

“ताई, थांबा. हा घ्या. असली आहे. हा दाखवला की शनिवारी खेळू देतील तिले.”

तिनं घेतला. कॉलर उलटून पट्टीवर अंगठा फिरवला. कापडाला अजून दुकानाचा वास येत होता.

“हा कधी घेतला, मॅडम?”

मी ‘जूनमध्ये’ म्हणू शकले असते. पण तिनं ऑफिसात माझ्यासाठी खोटं बोलून अजून दहा मिनिटंही झाली नव्हती.

“मंगळवारी.”

“चेकिंग तं बुधवारी होती.”

“हाव.”

तिनं कॉलर पुन्हा सरळ केली. “माहा नंबर आहे ना तुमच्यापाशी?” तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता. मी मान डोलावली. आता ती तो माझ्या तोंडावर फेकेल असं वाटलं, आणि तिनं फेकावा असंही वाटलं. पण तिच्या पोरीला शनिवारी खेळायचं होतं. तिनं त्याची चौपदरी घडी केली आणि पिशवीत ठेवला.

“सोमवारी धुऊन पाठवीन,” ती म्हणाली. दोन पावलं गेली आणि वळली. “पोरीले काही नाही सांगत मी. तिले तुमचाच विषय आवडते.”

घंटा झाली. माझा पुढचा तास सातवी ‘ब’वर होता.