निर्मलाबाईंचे पाच शब्द

ब्राह्मणपुरीच्या चुडामण पाटलांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा निर्मलाबाईंनी देवाकडे नवऱ्याचा फक्त जीव मागितला. जीव वाचला. उजवा हातही हळूहळू घास उचलायला लागला. मागणं अपुरं राहिलं, हे त्यांना नंतर कळलं.

नंदुरबारच्या दवाखान्यात झटक्यातून उठलेल्यांची स्मरणशक्ती तपासत. रुचिका नावाच्या तरुण डॉक्टरने चुडामणना पाच शब्द सांगितले, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि मग तेच शब्द परत विचारले. सतार, होडी, फणस, दिवाण, शिंपला. चुडामण छताकडे बघत बसले. निर्मलाबाईंचा पारा चढला. ज्या माणसाने जन्मात सतार पाहिली नाही, त्याने ती लक्षात तरी कशाला ठेवायची!

“यास्ले पुस्तकनी मराठी समजस नही,” त्या म्हणाल्या. “आमना बोलीमा इचारा.”

“खरंय. म्हणून तर रक्तही घेतोय,” रुचिका म्हणाली. “रक्ताला भाषा नसते.” मेंदूच्या पेशी झिजल्या की त्यांतली काही प्रथिनं रक्तात उतरतात. झटक्यानंतर ती वाढलेली असणारच, पण सहा महिन्यांनी खाली यायला हवीत, असं तिने समजावलं. निघताना सहज विचारलं, “बाबा, या कोण?”

“काजलनी माय.”

“त्यांचं नाव काय?”

चुडामण गालात हसले आणि खाली बघायला लागले. निर्मलाबाईही लाजल्या. लग्नातल्या उखाण्यानंतर या माणसाने त्यांचं नाव कधी घेतलंच नव्हतं. या वयात ते डॉक्टरीणबाईंसमोर कसं घेणार?

घरी आल्यावर त्यांनी कंबर कसली. शब्द शिवारातलेच निवडले: पपई, ऊस, मिरची, कपाशी, हरबरा. भाकरी थापताना तेच, नवऱ्याला अंघोळ घालताना तेच. अशाने आजार बरा होत नाही, नुसते डॉक्टर फसतात, असं लेक काजल फोनवरून कानीकपाळी ओरडायची. निर्मलाबाई फोन ठेवून पुन्हा सुरू करायच्या.

सहा महिन्यांनी निर्मलाबाईंच्या आग्रहावरून रुचिकाने त्यांचेच शब्द विचारले. चुडामणनी पाचही धडाधड सांगितले. निर्मलाबाईंचा ऊर भरून आला. मग रुचिकाने रक्ताचा रिपोर्ट उघडला. प्रथिनं खाली आली नव्हती, उलट वाढली होती.

“लगेच काही होईल असं नाही, आई. पण झीज थांबलेली दिसत नाही. विसरणं वाढत जाण्याची भीती आहे.”

“पण पाची शब्द बरोबर सांगात ना यास्नी!”

घरी परतताना त्यांच्या डोळ्यांसमोर नाव विचारल्यावरचं नवऱ्याचं ते मागचं हसू सारखं येत होतं. ती लाज होती, की दुसरंच काही? त्या लाजेच्या भरवशावर त्यांनी सहा महिने काढले होते. संध्याकाळी त्यांनी दार लोटून घेतलं आणि खाटेवर नवऱ्यासमोर बसल्या.

“मन्हं नाव काय शे? सांगा. कोणी नही आठे. लाजू नका.”

चुडामण तसेच गालात हसले. मग हसू विरलं. ते त्यांच्या तोंडाकडे निरखून बघत राहिले. हळूच त्यांचा चेहरा उजळला आणि ते ताठ बसले.

“पपई, ऊस, मिरची, कपाशी, हरबरा,” ते म्हणाले, आणि शाबासकीची वाट बघत राहिले.